बेलफास्टची ब्लॅक टॅक्सी टूर: चित्रांपेक्षा फाटकं नीट बघा

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये एकच दिवस असेल तर टायटॅनिकच्या संग्रहालयाआधी ही टूर करा. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट वस्त्यांतली भित्तिचित्रं, मधल्या भिंती आणि त्यांची फाटकं टॅक्सीतून दाखवतात. भांडण थोडक्यात असं: बहुतेक कॅथलिकांना आयर्लंडमध्ये जायचं होतं, बहुतेक प्रॉटेस्टंटांना ब्रिटनबरोबरच राहायचं होतं. साधारण दीड तास लागतो. पैसे माणशी नाही, टॅक्सीमागे घेतात, त्यामुळे लेक, जावई, विहीणबाई आणि मी अशा चौघांना चांगलंच परवडलं. दारापासून नेतात, दारात आणून सोडतात. गुडघे दुखणाऱ्यांनाही काही अडचण नाही.

टॅक्सीलाही इतिहास आहे. सत्तरच्या दशकात दंगलखोर बसगाड्या पळवून जाळायचे, बस बंद पडायच्या. तेव्हा लंडनहून जुन्या काळ्या टॅक्सी आणून लोकांनी शेअर टॅक्सी सुरू केल्या. फॉल्स रोडला कॅथलिकांच्या, शँकिल रोडला प्रॉटेस्टंटांच्या. रस्ते वेगळे, म्हणून टॅक्सीही वेगळ्या.

आमच्या ड्रायव्हरकाकांनी आपण कुठल्या बाजूचे हे शेवटपर्यंत सांगितलं नाही. कॅथलिक बाजूचा कैदी बॉबी सँड्स याच्या चित्रापाशी १९८१च्या तुरुंगातल्या उपोषणाबद्दल आणि त्यात गेलेल्या दहा जणांबद्दल ते ज्या गांभीर्याने बोलले, त्याच गांभीर्याने शँकिलवर मारल्या गेलेल्यांबद्दलही बोलले. आणि मागच्या सीटवर आम्ही चौघं सारखे अंदाज बांधत होतो. जावई म्हणे कॅथलिक, विहीणबाई म्हणत होत्या, नाही हो, प्रॉटेस्टंटच. या भांडणाशी आमचा काडीचा संबंध नाही, तरी तासाभरात आम्हालाही समोरच्या माणसाची बाजू कळल्याशिवाय चैन पडेना. मी कोल्हापुरात बी.ए.च्या मुलांना सामाजिक मानसशास्त्र शिकवायचे. ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांचे नुसते नावापुरते दोन गट पाडले होते. बक्षीस वाटायला सांगितल्यावर स्वतःच्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण दुसऱ्या गटाशी अंतर राहायला हवं, अशी निवड मुलं करत होती. वर्गात हा प्रयोग मी किती वेळा सांगितला असेन, पण तो असा अंगावर आला तो त्या टॅक्सीतच.

मग बॉम्बे स्ट्रीट. हो, आपल्या मुंबईच्याच जुन्या नावाची गल्ली, शेजारी काश्मीर रोडही आहे. ऑगस्ट १९६९मध्ये इथली कॅथलिकांची घरं जाळली गेली आणि पुढच्याच महिन्यात ब्रिटिश लष्कराने दोन्ही वस्त्यांच्या मध्ये आडोसा घातला, तात्पुरता म्हणून. तो वाढत वाढत तीन मजली घराहून उंच झाला. घरांच्या मागच्या बाजूला आजही लोखंडी जाळीचे पिंजरे आहेत, पलीकडून काही फेकलं तर अंगणात पडू नये म्हणून. मी जाळीपाशी बराच वेळ उभी होते. आत दोरीवर लहान मुलांचे कपडे वाळत होते. त्या मुलांना पलीकडचं कुणी भेटतच नाही, मग पलीकडे कोण असतं, ते त्यांना जाळीच सांगणार. भीतीपोटी भिंत झाली, आणि आता ती भिंतच पुढच्या पिढीला भीती शिकवते. २०२३पर्यंत सगळ्या भिंती काढू असं तिथल्या सरकारने २०१३मध्ये जाहीर केलं होतं. त्या आहेत तिथेच आहेत.

या भिंतीतलं लॅनार्क वे रस्त्यावरचं फाटक जरूर बघा. ते रात्री बंद करतात. एप्रिल २०२१मध्ये तिथे बस जाळली, पेट्रोल बॉम्ब फेकले, आणि त्या दंगलीत १९९८च्या शांतता करारानंतर जन्मलेली कितीतरी पोरं होती.

मला खटकलं ते हे. भिंतीपाशी आल्यावर काकांनी हातात मार्कर दिला, सही करा म्हणाले. सगळेच पर्यटक करतात. मला ते अजिबात आवडलं नाही, ज्या भिंतीआड लोक जीव मुठीत धरून राहिले तिच्यावर आपलं नाव कशाला? दुसरं, टूर चित्रांमध्ये फार रमते आणि आजच्या राजकारणावरून झरझर पुढे जाते. स्टॉरमाँटला उत्तर आयर्लंडची विधानसभा आहे, तिच्यात ९० सदस्य आहेत. प्रत्येकाला युनियनिस्ट (ब्रिटनच्या बाजूचे), नॅशनलिस्ट (आयर्लंडच्या बाजूचे) की इतर, ते नोंदवावं लागतं. महत्त्वाच्या ठरावांना पहिल्या दोन्ही गटांचा पाठिंबा लागतो, 'इतर' मात्र फक्त एकूण बेरजेत धरले जातात. रक्तपात थांबवायला ही रचना हवी होती हे मला मान्य आहे. पण बाजू सोडणाऱ्याचं वजन कमी होत असेल तर बाजू कोण सोडेल? हे पाहुण्यांना सांगायलाच हवं.

लेक तिथे नर्स आहे. नोकरीला लागताना तिच्यापुढेही फॉर्म आला: प्रॉटेस्टंट समाजाच्या, कॅथलिक समाजाच्या, की दोन्ही नाही? नोकरीत भेदभाव होऊ नये म्हणून १९८९च्या कायद्यापासून ही नोंद ठेवतात. कुणी उत्तर दिलं नाही तर शाळा, पत्ता अशा खुणांवरून मालकाला अंदाज करता येतो. भेदभाव थांबवायलाही आधी माणसाची बाजूच विचारावी लागते, हे ऐकून मला फार वाईट वाटलं. म्हणूनच १९८१मध्ये २८ मुलांवर सुरू झालेल्या लॅगन कॉलेज या शाळेबद्दल काकांना मुद्दाम विचारा, तिथे दोन्हीकडची मुलं एका बाकावर बसतात. आमचे काका त्यावर भरभरून बोलले, पण विचारल्यावरच.

पाचपैकी चार तारे. वेळ असेल तर चालत जायची टूरही करा, त्यात एका बाजूचा माजी कैदी फाटकापर्यंत आणतो आणि पुढे दुसऱ्या बाजूचा माजी कैदी नेतो. जुलैच्या ११-१२ तारखेला होळ्या आणि मिरवणुकांमुळे रस्ते बंद असतात, तेव्हा बुकिंग करण्याआधी फोन करा.