ठेक्यावरचं काम सुटलंय: परत ठेकेदाराकडं, का छोट्या शॉपमध्ये थेट मालकाकडं?

कोल्हापूरजवळच्या कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत ठेक्यावर असलेल्या ओळखीतल्या बऱ्याच पोरांना ब्रेक मिळालाय, म्हणजे कामावरनं कमी केलंय, आणि जो भेटेल तो एकच विचारायलाय, दुसऱ्या ठेकेदाराकडं नाव द्यावं का शिरोली नाहीतर कोल्हापुरातल्या उद्यमनगरातल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये, म्हणजे छोट्या वर्कशॉपमध्ये, थेट लागावं. मी दोन्हीकडं काम केलंय आणि सध्या छोट्या शॉपवर आहे, त्यामुळं माझं माप थोडं तिकडं झुकणार हे धरूनच वाचा. हे सीएनसी-व्हीएमसीवाले (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवाले), क्वालिटीवाले, मेंटेनन्सवाले यांच्यासाठी आहे. फौंड्रीतल्या मोल्डिंग आणि फेटलिंगचं (साचे करणं आणि ओतीव माल साफ करणं) गणित वेगळं असतं, त्यावर मी बोलणं बरोबर नाही.

पुणं यात धरलेलंच नाही. चाकणच्या पगाराचा आकडा ऐकायला बरा वाटतो, पण खोली, मेस आणि सणावाराला गावाकडं येणं-जाणं वजा केलं की हातात राहतं ते इथल्याएवढंच, आणि तिथंही गेटवर बहुतेक ठेकेदारच उभा असतो.

आता लवकर काम कुठं मिळतं, तर ठेकेदाराकडं, यात वादच नाही. आधार, पासबुकाची झेरॉक्स, दोन फोटो, पीएफचा यूएएन नंबर, की परवापासून फर्स्ट शिफ्टला या. छोट्या शॉपचं तसं नसतं. ते कुठल्या पोर्टलवर जाहिरात टाकत नाहीत, मालक स्वतःच खरेदी बघतो, स्वतःच डिस्पॅच बघतो, त्याला जाहिरात टाकायला वेळ नसतो. महास्वयम या सरकारी रोजगार पोर्टलवर नाव नोंदवा, फुकट आहे, रोजगार मेळाव्यालाही जाऊन या, पण मी गेलो तेव्हा तिथंही टेबलं जास्त करून मनुष्यबळ पुरवणाऱ्यांचीच होती. खरी बातमी मिळते ती इन्सर्ट (मशीनला लागणारी कापायची पाती) आणि टूल विकणाऱ्यांकडं. कुणाकडं नवीन व्हीएमसी उतरलंय, कुणाचा सेटर (मशीन लावून देणारा) सोडून गेलाय, कुणाला नवीन पार्टीचं, म्हणजे गिऱ्हाइकाचं, काम लागलंय हे त्यांना सगळ्यात आधी कळतं, कारण पहिली ऑर्डर त्यांच्याकडंच जाते. मला जागा अशीच कळली, एका टूलवाल्यानं नंबर दिला आणि म्हणाला माझं नाव सांग. (कुणी रजिस्ट्रेशन फी मागितली तर मात्र तिथनंच मागं फिरा, मग ते ऑफिस राजारामपुरीत का असेना.)

पगाराचं बोलायचं तर ठेकेदार जो आकडा सांगतो त्यात ओटी (ओव्हरटाइम) धरलेला असतो, कधी बोनसचे ८.३३ टक्केसुद्धा महिन्याला वाटून टाकलेले असतात, म्हणजे दिवाळीला हात हलवत घरी. छोट्या शॉपचा मालक आकडा कमी सांगतो पण तो नुसत्या आठ तासांचा असतो. दोन्ही ओटीशिवाय समोरासमोर मांडून बघा, मी मांडलं तेव्हा फरक वाटला तेवढा नव्हता. थोडा होता, नाही असं नाही. शिवाय कंपनीची बस आणि कँटीन ह्या दोन गोष्टी मोठ्या प्लांटच्या बाजूनं जातात, त्याची किंमत पेट्रोल भरायला लागल्यावर कळते. आणि छोट्या शॉपला पार्टीचं पेमेंट अडकलं की पगार पुढं ढकलला जातो. कायद्यानं सात तारखेच्या आत व्हायला पाहिजे, पण माझा दहाच्या पुढंही गेलाय. मालक स्वतः येऊन सांगतो की चार दिवस थांब, हे एक बरं, पण दुकानवाला त्याच्या सांगण्यावर थांबत नाही.

अजून एक शिरोलीचं. शहरात राहणाऱ्यांनी पंचगंगा मध्ये आहे हे विसरू नका. २०१९ ला आणि परत २०२१ ला हायवेवरच पाणी आलं, रस्ता बंद, कामावर जायचं कसं. गोकुळ शिरगाव आणि कागल नदीच्या अलीकडं पडतात, तिकडं ही भानगड नाही.

छोट्या शॉपमध्ये सगळ्यात आधी विचारायचं ते पीएफचं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर पीएफ लावायचं बंधन नाही, दहापेक्षा कमी असतील तर ईएसआयचंही (कामगार विम्याचंही) नाही, आणि उद्यमनगरात अशी शॉप गल्लीगल्लीत आहेत. काम कितीही भारी असू दे, घरात आईवडील आजारी असतील तर ईएसआय नसलेल्या जागी जाऊ नका असं मी तरी सांगेन. ठेकेदार कसाही असू दे, मोठ्या प्लांटला माणसं द्यायची म्हणजे पीएफ-ईएसआय त्याला भरायलाच लागतं, भरल्याचं चलन बघितल्याशिवाय कंपनी त्याचं बिल पास करत नाही. हा मुद्दा सरळ ठेकेदाराच्या बाजूचा आहे आणि मी तो लपवणार नाही.

मग मी तिकडं परत का गेलो नाही? कागदामुळं.

ठेक्यावर असताना हे जाणवत नाही. मशीन कंपनीचं, ड्रेस कंपनीचा, सुपरवायझर कंपनीचा, घरातले पाहुण्यांना सांगतात पोरगं अमुक कंपनीत आहे. कंपनीचं उत्पादनाचं शेड्यूल कमी झालं की मग कळतं. मला कुणी काढलं नाही, म्हणजे तसं कुणी म्हणालंच नाही. कंपनीनं ठेकेदाराला सांगितलं एवढी माणसं नकोत, ठेकेदाराच्या माणसानं ग्रुपवर मेसेज टाकला, दुसऱ्या दिवशी हजेरीचं पंचिंग बंद. एचआरकडं गेलो तर उत्तर एकच, तुमचं रेकॉर्ड आमच्याकडं नसतं, ठेकेदाराला भेटा. ठेकेदाराचा माणूस म्हणतो हेड ऑफिसला मेल टाका. हेड ऑफिस पुण्याला, मेलला उत्तर नाही, फोन लागला तर त्या टेबलावर माणूस नवीन.

खूप मागं लागल्यावर अनुभवाचं पत्र आलं. त्यावर कंपनीचं नावच नाही, ठेकेदाराच्या फर्मचं नाव, जे कोल्हापुरात कुणी ऐकलेलं नाही. आणि पदाच्या जागी लिहिलेलं, हेल्पर. मी व्हीएमसीला सेटिंग करत होतो, फिक्स्चर बदल, टूल ऑफसेट, फर्स्ट पीस अप्रूव्हल सगळं माझ्याकडं, पण ठेकेदाराचं बिल हेल्परच्या रेटनं लागत होतं, मग कागदावर मी हेल्पर. ते पत्र घेऊन दुसऱ्या एका प्लांटला गेलो तर तिथल्या एचआरच्या बाईंनी ते उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, सेटरच्या जागेसाठी आलाय ना तुम्ही? पुढं काय बोलायचं. आवाज चढवायचा तर कुणावर, त्या बाईंनी कागदावर जे होतं तेच वाचलं होतं.

पीएफची तीच तऱ्हा. मध्ये कंपनीनं ठेकेदार बदलला होता, मशीन तेच, शिफ्ट तीच, पण पासबुकात मेंबर आयडी वेगवेगळे, आणि शेवटच्या ठेकेदारानं सोडल्याची तारीखच टाकलेली नाही. तारीख नसली की ट्रान्सफर पुढं सरकत नाही. आता ती आपली आपल्याला टाकता येते, पीएफच्या पोर्टलवर मॅनेजमध्ये जाऊन मार्क एक्झिट, आधारच्या ओटीपीवर होतं, पण शेवटचा हप्ता जमा झाल्यापासून दोन महिने थांबायला लागतं, आणि तारीख ज्या महिन्याचा शेवटचा हप्ता पडलाय त्याच महिन्यातली टाकायची. नीट बघून टाका, एकदा टाकली की बदलणं सोपं नसतं. आणि पैसे काढायच्या मागं लागू नका, ट्रान्सफर करा, पेन्शनला दहा वर्षं भरायला लागतात आणि टेन-सीचा फॉर्म भरून पैसे उचलले की मागची वर्षं गेली. घरात हप्ते थकलेत आणि मी हे सांगायलोय, कळतंय मला, तरी सांगतो.

छोट्या शॉपमध्ये मालकानं ते पत्र बघितलंच नाही. बाजूला ठेवलं, पंप बॉडीचं ड्रॉइंग हातात दिलं, जुनं फानुक कंट्रोलरचं मशीन दाखवलं आणि म्हणाला लाव बघू. स्वतः शेजारी उभा राहून बघत होता, डायल कसा फिरवतोय, झीरो कुठं घेतोय. पहिला पीस काढला, बोअर (आतलं भोक) मोजला, तिथंच बोलणी झाली. अपॉइंटमेंट लेटरवर सीएनसी-व्हीएमसी सेटर असं लिहून दिलंय, सही त्याची, आणि उद्या कुणी चौकशीला फोन केला तर उचलणारा माणूसही तोच. एवढ्याचसाठी मी ओटीचे पैसे सोडले म्हणा.

सगळ्यांना हे पटणार नाही, आणि छोट्या शॉपचा त्रासही आहेच. सेटर म्हणून घेतात आणि टेंपो आला की उतरवायला बोलावतात, मशीनमधनं पडणाऱ्या धातूच्या चिप्सची ट्रॉली ओढायला माणूस आला नसला की तीही आपणच ओढायची. रजा मागायची तर मालकाच्या तोंडाकडं बघून मागायला लागते. एसी शॉप फ्लोअर विसरा. पण मोठ्या प्लांटला मी वर्षभर एकाच पार्टवर होतो, एकच प्रोग्रॅम, आणि इथं सकाळी व्हॉल्व्ह असला की दुपारी ट्रॅक्टरचं हाऊसिंग, प्रोग्रॅममध्ये हात घालायला मिळतो, फिक्स्चर कसं बसवायचं त्यावर मालकाशी भांडायलाही मिळतं. ज्याला शिकायचं आहे त्याला हे पगारात धरता येईल. ज्याला नुसती हजेरी लावून सुटायचं आहे (आणि यात काही वाईट नाही, घरी जनावरं-शेती असणारे कितीतरी आहेत) त्याला मोठा प्लांटच बरा, शिफ्ट संपली की विषय संपला.

मधला एक रस्ता आहे तो सांगायचा राहिला. काही कंपन्या आता फिक्स टर्मवर घेतात, म्हणजे मुदत ठरलेली पण लेटर थेट कंपनीचं, मध्ये ठेकेदार नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात फिक्स टर्मवाल्याला वर्षभरानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे आणि नेमणूकपत्र तर प्रत्येकाला द्यायलाच लागतं. असं मिळत असेल तर मी वर लिहिलंय ते सगळं बाजूला ठेवा आणि ते घ्या. फक्त लेटरहेड कुणाचं आहे ते बघा, तोंडी फिक्स टर्म म्हणतात आणि कागद परत ठेकेदाराचाच निघतो, असं एका मित्राच्या बाबतीत झालंय.

ज्यांना आत्ताच ब्रेक मिळालाय त्यांनी काम शोधता शोधता दोन गोष्टी करा. शेवटचा पगार अडकला असेल तर तोंडी भांडू नका, लेखी मागा, नव्या वेतन संहितेत कामावरनं कमी केल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशोब द्यायचा आहे, एवढं एक वाक्य मेलमध्ये टाकलं तरी फोन येतो, मला आला. आणि ईएसआय कापला जात होता त्यांनी शाखेत जाऊन अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचं विचारा, काम गेलेल्याला सरासरी रोजच्या पगाराच्या निम्मे असे जास्तीत जास्त ९० दिवसांचे पैसे आयुष्यात एकदा मिळतात. मागची दोन वर्षं विमा चालू असायची वगैरे अटी आहेत, सध्या काय नियम चालू आहे तेही तिथंच विचारून घ्या.

राहता राहिलं कुणी कुठं जावं. बाईकचा नाहीतर घराचा हप्ता डोक्यावर असेल आणि पुढच्या महिन्याची सोय नसेल तर ठेकेदाराकडं लागा, त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही. जरा दम धरता येत असेल, हातात खरोखर कसब असेल आणि शॉपमध्ये पीएफ-ईएसआय लागू असेल, तर मी थेट मालकाकडं जाईन, थोडे पैसे कमी घेऊन जाईन. दोन्हीच्या मध्ये अडकला असाल तर ठेकेदाराकडं लागताना सेकंड शिफ्ट मागून घ्या. शॉपच्या ट्रायल सकाळीच होतात, दहा-अकराच्या सुमारास, मालक जागेवर असतो तेव्हा, आणि तिथनं सुटून कागलची दुपारची बस पकडता येते.