देहविक्रय करणाऱ्या महिलांसाठी मोफत विधी सेवा: तक्रारीला चांगली, छाप्यानंतर लंगडी

गिऱ्हाइकानं मारलं, घरवालीनं (कुंटणखाना चालवणारीनं) पैसे दाबून ठेवले, पोलीस ठाण्यातून ‘तुमच्या धंद्यात हे चालायचंच’ म्हणून परत पाठवलं, अशा वेळी सरकारी खर्चानं वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार कोणतीही महिला पात्र आहे. उत्पन्नाचा दाखला लागत नाही आणि व्यवसाय काय, हा पात्रतेचा निकषच नाही. खिडकीवर दाखला मागितलाच तर या कलमाचं नाव घ्यायचं. १५१०० हा विधी सेवेचा मदत क्रमांक देशभर चालतो. तरी निकड असेल तर जिल्हा न्यायालयातलं प्राधिकरणाचं कार्यालय गाठून अर्जावर पोच घेतलेली बरी.

ही सेवा सर्वात उपयोगी पडते ती गुन्हा नोंदवून घेताना. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द आपली नाही म्हणून ठाण्याला दखलपात्र गुन्ह्याची माहिती नाकारता येत नाही. ऑनलाइन कळवलं असेल तर ३ दिवसांत सही करावी लागते. नोंदीची प्रत फुकट मिळते. ठाण्यानं नाही म्हटलं तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी, तिथंही नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. बलात्काराची माहिती नोंदवायला नकार देणाऱ्या अधिकाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली ६ महिने ते २ वर्षं सक्तमजुरी आहे. पॅनेलवरच्या, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतल्या, वकिलानं हे कलम अर्जात नुसतं लिहिलं तरी ठाण्याची भाषा बदलते.

चुकतं कुठं, तर जबाबात. ‘पैशांवरून वाद झाला’ हे एक वाक्य शिरलं की बलात्काराची तक्रार उधारीच्या भांडणासारखी वाचली जाते, आणि मग एनसीवर, म्हणजे अदखलपात्र नोंदीवर, भागवलं जातं. सही करण्याआधी जबाब वाचून घेणं आणि तिनं केव्हा, कशाला नकार दिला ते तिच्याच शब्दांत लिहवून घेणं, हे वकिलाचं काम. पैसे घेतले म्हणजे नकाराचा हक्क संपला, असं कायदा कुठंही म्हणत नाही. संमतीचा प्रश्न असतो तिथं पूर्वीचा लैंगिक अनुभव पुराव्यात गैरलागू ठरतो.

उपचार आणि भरपाईची बाजू बरी आहे. लैंगिक अत्याचारानंतर सरकारी असो वा खासगी, रुग्णालयानं मोफत उपचार द्यायचे आहेत. टाळाटाळ हा गुन्हा आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१८ च्या भरपाई योजनेत बलात्कारपीडितेला ४ ते ७ लाख रुपयांची तरतूद आहे. अर्ज जिल्हा प्राधिकरणाकडे करायचा आणि त्याच अर्जात अंतरिम रक्कमही मागून ठेवायची.

आता लंगडी बाजू. पिटा कायद्यात, म्हणजे १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्यात, प्रौढ महिलेनं स्वतःच्या मर्जीनं देहविक्रय करणं हा मुळात गुन्हा नाही. कुंटणखाना चालवणं, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणं, दुसऱ्याच्या देहविक्रयाच्या कमाईवर जगणं हे गुन्हे आहेत. तरी छाप्यानंतर तिची रवानगी सुधारगृहात होते, आणि पॅनेलचे वकील तिला ‘पीडित’ धरून फाइल पुढं सरकवतात. तिला जायचंय का, हे कुणी विचारतच नाही. चौकशीसाठीची कोठडी ३ आठवड्यांपलीकडे नेता येत नाही. त्यानंतर सुधारगृहात ठेवण्याचा आदेश मात्र १ ते ३ वर्षांचा असू शकतो. म्हणून वकील हवा तो पहिल्या हजेरीला. पंचांमध्ये एक तरी महिला होती का, छाप्यात दोन महिला पोलीस होत्या का, हे त्यानं त्याच दिवशी पाहायला हवं. वय सिद्ध करणारा कागद नसेल तर सगळं तिथंच अडतं. मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२० मध्ये तीन प्रौढ महिलांना सुधारगृहातून सोडलं, तो निकाल इथं हाताशी असायलाच हवा.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९ मे २०२२ च्या आदेशाबाबत मात्र सावध राहा. ‘छाप्यात अटक करायची नाही’ ही न्यायालयानंच नेमलेल्या समितीची शिफारस त्यात आहे, पण केंद्रानं आक्षेप घेतलेल्या शिफारशींपैकी ती एक. काटेकोर पालनाचा आदेश बाकीच्या सहा शिफारशींपुरता होता. त्यात अत्याचारपीडितेला तातडीचे उपचार, सुधारगृहांतल्या प्रौढ महिलांचा आढावा, पोलिसांची वागणूक, माध्यमांत ओळख उघड न करणं आणि निरोध बाळगणं हा गुन्ह्याचा पुरावा न मानणं, हे येतं. व्हॉट्सअॅपवरच्या फॉरवर्डवर विसंबून अटकेविरुद्ध युक्तिवाद केला तर सरकारी वकील नेमकं हेच दाखवून मोकळा होईल.

नेमलेला वकील पैसे मागत असेल तर ते नियमबाह्य आहे. तारखेला येत नसेल तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी अर्ज देऊन वकील बदलून मागता येतो. अर्जात तारीख, खटला क्रमांक आणि तो न आलेल्या तारखा, एवढं लिहिलं की पुरतं.