कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजचे नियम: वर्षभर वापरल्यानंतर

कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत आणि नियमांचा सांगाडा सगळीकडे एकच, राज्याच्या ‘टायटल ५’ या नियमसंचातला. एच-४वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) आलेले, नोकरी सांभाळून पुन्हा शिकायला बसलेले आणि मुलांना हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे कोर्स घ्यायला लावणारे बरेच मराठी लोक ही कॉलेजं वापरतात. प्रवेश कसा घ्यायचा याची माहिती भरपूर मिळते. आत गेल्यावर आपली शैक्षणिक स्थिती कोण, कशी मोजतं, याबद्दल मात्र फार कमी बोललं जातं. म्हणून हा अनुभव फक्त नियमांबद्दल.

मत आधी सांगते. नियम मनापासून उदार आहेत, घसरलेल्याला वर यायला भरपूर वाटा ठेवलेल्या आहेत. अडचण अशी की एकाच ‘डब्ल्यू’ची (विथड्रॉवल, म्हणजे कोर्स मधेच सोडल्याची खूण) नोंद चार खात्यांत होते: कॉलेजचं रेकॉर्ड, फीमाफी आणि नोंदणीचा क्रम, फेडरल आर्थिक मदत, आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर व्हिसा. प्रत्येक खात्यात तिची किंमत वेगळी, आणि एक खातं दुसऱ्याला विचारत नाही.

पहिलं खातं कॉलेजचं. किमान १२ सेमिस्टर युनिट (कोर्सचं वजन मोजायचं माप) केल्यावर एकूण जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, २.०च्या खाली असेल तर अकॅडमिक प्रोबेशन, म्हणजे ताकीद. काही कॉलेजं आता याला ‘अकॅडमिक नोटिस’ म्हणतात, पण आकडे तेच. दुसरा प्रकार प्रोग्रेस प्रोबेशनचा, आणि लोक फसतात ते इथे. आजवर नाव नोंदवलेल्या युनिटपैकी ५० टक्के किंवा जास्त युनिटसमोर डब्ल्यू, इन्कम्प्लीट (काम अपुरं) किंवा नो-पास (नापास) असेल तर हे प्रोबेशन लागतं. पहिल्याच सत्रात तीन-तीन युनिटचे चार कोर्स घेतले, दोन सोडले, उरलेल्या दोनात ए मिळाला, तर जीपीए ४.० आणि तरीही प्रोबेशन. ‘डब्ल्यू जीपीएत धरत नाहीत’ हे खरं आहे, पण अर्धंच.

डिसमिसल, म्हणजे कॉलेजातून काढणं, इतक्या लवकर येत नाही. सलग तीन सेमिस्टर एकूण जीपीए १.७५च्या खाली राहिला, किंवा प्रोग्रेस प्रोबेशनवर असताना ते ५० टक्क्यांचं प्रमाण सलग तीन सेमिस्टर तसंच राहिलं, तर. डी अँझा आणि फूटहिल ही कॉलेजं क्वार्टरवर, म्हणजे सेमिस्टरपेक्षा छोट्या सत्रांवर चालतात. तिथे १२च्या जागी १८ युनिट धरायची आणि सगळ्या तारखा लवकर येणार हे गृहीत धरायचं. सेमिस्टर कॉलेजमधून तिथे गेलेल्यांचं गणित चुकतं ते याच कारणाने.

आता सुधारणेचं गणित, कारण यात खरा फायदा आहे. समजा तीन-तीन युनिटच्या चार कोर्समध्ये सी, सी, डी, एफ आले. युनिटमागे ए ४, बी ३, सी २, डी १, एफ ०. गुण ६+६+३+०, म्हणजे १५. भागिले १२, जीपीए १.२५. नवे कोर्स घेऊन २.०वर यायचं तर पुढच्या सत्रात नऊ युनिटमध्ये सरळ बी हवेत: १५+२७=४२, भागिले २१. पण एफ आलेला तो एकच कोर्स पुन्हा करून बी मिळवला, तर जुना एफ गणतीतून निघतो आणि ६+६+३+९=२४, भागिले १२, पुन्हा २.०च. तीन कोर्सचं काम एका कोर्समध्ये होतं. प्रोबेशनवरच्या माणसाला हे पहिल्याच भेटीत कागदावर मांडून दाखवायला हवं. एफप्रमाणे डीसुद्धा यात बसतो. सी मात्र बसत नाही. सी सुधारायला कोर्स पुन्हा करता येत नाही.

पुन्हा करण्याला मर्यादा आहे. एका कोर्सला साधारणपणे एकूण तीनदा नाव नोंदवता येतं, आणि डब्ल्यूसुद्धा एक संधी खातो. चौथ्यांदा हवं असेल तर पिटिशन (लेखी अर्ज) करावं लागतं. शिवाय जुनी ग्रेड ट्रान्स्क्रिप्टवर दिसत राहते, फक्त मोजली जात नाही. मेडिकल स्कूलच्या एएमसीएएस अर्जात तर दोन्ही ग्रेड मोजतात. प्री-मेडच्या मुलांनी केमिस्ट्री सहज म्हणून घेऊन बघू नये.

तारखा. सोडलेल्या कोर्सची खूण राहू नये म्हणून सेन्सस डेटच्या (कॉलेज विद्यार्थ्यांची संख्या मोजतं त्या तारखेच्या) आत बाहेर पडायचं. ती सत्राच्या साधारण २० टक्क्यांवर येते. फी परत हवी असेल तर पूर्ण सत्राच्या कोर्ससाठी पहिले दोन आठवडेच. म्हणजे मधल्या काळात असा एक पट्टा राहतो, जिथे रेकॉर्ड स्वच्छ राहतं पण पैसे जातात. सहा आठवड्यांच्या उन्हाळी कोर्समध्ये फी परत मिळण्याची मुदत १० टक्के, म्हणजे जेमतेम चार दिवस. सेन्ससनंतर सोडलं तर डब्ल्यू, आणि तोही उशिरात उशिरा ७५ टक्क्यांपर्यंत. पुढे जी असेल ती ग्रेड. प्रत्येक कोर्सच्या तारखा पोर्टलवर त्या कोर्ससमोर वेगळ्या दिलेल्या असतात. कॅलेंडरवरच्या तारखा पूर्ण सत्राच्या कोर्सच्या असतात, उशिरा सुरू होणाऱ्या कोर्सच्या नव्हेत.

आणि वर्गात जाणं बंद केलं म्हणजे नाव कमी झालं असं नाही. पहिल्या दिवशी न आलेल्याला प्राध्यापक काढू शकतात, पण त्यांनी काढलंच असेल यावर विसंबू नका. कॅनव्हासवरून (कोर्सचं ऑनलाइन व्यासपीठ) कोर्स दिसेनासा होणं हाही पुरावा नाही. पोर्टलवर ‘ड्रॉप्ड’ आणि तारीख दिसली की स्क्रीनशॉट घेऊन ठेवायचा.

नियमावलीत सर्वांत कमी वापरली जाणारी चांगली सोय म्हणजे ईडब्ल्यू, म्हणजे सबळ कारणामुळे सोडल्याची नोंद. आजारपण, घरातल्याची शुश्रूषा, नोकरीत दुसऱ्या भागात बदली, इमिग्रेशनची अडचण अशा आपल्या हाताबाहेरच्या कारणांसाठी ही मिळते. प्रोग्रेस प्रोबेशनमध्ये ती धरत नाहीत, आणि तीन संधींतली एकही खर्च होत नाही. मात्र आपोआप मिळत नाही. पिटिशन, तारखांसकट कागद (डॉक्टरचं पत्र, मालकाचं पत्र, विमानाचं तिकीट) आणि कारणाचा काळ कोर्सच्या काळाशी जुळतोय हे दाखवणं, इतकं लागतं. नाकारलेल्या अर्जांत बहुधा हे शेवटचंच कमी पडतं: वडिलांच्या शस्त्रक्रियेचा कागद जोडलेला असतो, पण ती सत्र सुरू होण्याच्या दोन महिने आधीची असते.

इन्कम्प्लीटबद्दल थोडक्यात: सत्राच्या शेवटी अडचण आली आणि थोडंच काम उरलं असेल तर घ्यावा. प्राध्यापक उरलेलं काम आणि काम न झाल्यास मिळणारी ग्रेड लिहून देतात. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. तोवर तो प्रोग्रेसच्या हिशेबात त्या ५० टक्क्यांत धरला जातो.

दुसरं खातं पैशाचं आणि रांगेचं. रहिवाशांना फी युनिटला ४६ डॉलर, २०१२च्या उन्हाळ्यापासून तीच. तीन युनिटचा कोर्स १३८ डॉलर. ज्यांना कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँटखाली ही माफ आहे, त्यांची माफी सलग दोन मुख्य सत्रं प्रोबेशनवर राहिल्यास जाते. सलग दोन सत्रांच्या प्रोबेशनने नोंदणीतला अग्रक्रमही जातो, आणि १०० युनिटच्या पुढे गेलात तरी जातो. हा फटका वरवर छोटा वाटतो, पण लॅबचे कोर्स पहिल्या दोन दिवसांत भरतात. नेमका जो कोर्स पुन्हा करून जीपीए सावरायचा, त्याची जागाच मिळत नाही. दोन्हींसाठी अपील असतं आणि ते नोंदणी उघडण्याआधी करायचं असतं. एच-४वाल्यांना कॅलिफोर्नियाचं रहिवासीपण मिळू शकतं, एक वर्ष आणि एक दिवस राज्यात राहिल्यावर. एफ-१वर ते मिळत नाही.

तिसरं खातं फेडरल मदतीचं. ही नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांना लागू. एच-४ किंवा एफ-१वर मिळत नाही. मोजपट्टी वेगळी: जीपीए २.०, नोंदवलेल्या युनिटपैकी ६७ टक्के पूर्ण, आणि पदवीला लागणाऱ्या युनिटच्या १५० टक्क्यांत सगळं संपवणं, म्हणजे ६०च्या पदवीसाठी ९० युनिट. १२ युनिटपैकी एक कोर्स सोडला तर ७५ टक्के, चालतं. दोन सोडले तर ५०, चालत नाही. कॉलेजने माफ केलेला ईडब्ल्यू इथे बहुतेक ठिकाणी ‘प्रयत्न केलेली युनिट’ म्हणून मोजला जातो. ईडब्ल्यू मंजूर झाल्यावर फायनान्शियल एड ऑफिसात वेगळं जाऊन विचारावं ते यासाठी.

चौथं, व्हिसा. एफ-१वर प्रत्येक सत्रात १२ युनिट लागतात, आणि त्यांत ऑनलाइन कोर्स फक्त एकच धरला जातो. इथे क्रम महत्त्वाचा: आधी डीएसओची (परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या कॉलेजच्या अधिकाऱ्याची) परवानगी, मग ड्रॉपचं बटण. उलट केलं तर कॉलेजच्या लेखी निर्दोष असलेला ड्रॉप व्हिसाच्या लेखी स्थिती गमावणं ठरतो. इंग्रजी वाचनाची किंवा इथल्या शिक्षणपद्धतीची सुरुवातीची अडचण, चुकीच्या पातळीचा वर्ग, अशा कारणांसाठी कमी युनिटची परवानगी मिळते, पण किमान ६ ठेवावी लागतात. आजारपणात याहूनही कमी करता येतात, तेही डॉक्टरच्या पत्रावर आणि एकूण १२ महिन्यांपुरतंच.

हायस्कूलमधल्या मुलांच्या पालकांसाठी दोन गोष्टी. पंधराव्या वर्षी घेतलेल्या कोर्सची ग्रेड ही कायमची कॉलेजची ग्रेड असते आणि यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) अर्जात ती सांगावीच लागते. दुसरं, फेर्पा या शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्यानुसार मूल कॉलेजात शिकू लागलं की त्या रेकॉर्डवरचा हक्क वयाची अठरा वर्षं पूर्ण होण्याआधीही मुलाचा होतो. पालकाने फोन केला तर कर्मचारी माहिती देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर असतं. पोर्टलचा पासवर्ड आणि ड्रॉपच्या तारखा मुलानेच सांभाळायला शिकायला हवं.

नियम शोधताना कॅटलॉगपेक्षा डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावरच्या कार्यपद्धती वाचा. बहुतेक डिस्ट्रिक्ट समान क्रमांक वापरतात: कोर्स पुन्हा करणं ४२२५, ग्रेड बदल ४२३१, अकॅडमिक रिन्युअल (जुन्या खराब ग्रेड हिशेबातून वगळणं) ४२४०, प्रोबेशन ४२५०, तक्रारी ५५३०. ग्रेडबद्दल वाद घालायचा असेल तर राज्याच्या एज्युकेशन कोडचं कलम ७६२२४ पाहा. प्राध्यापकाची ग्रेड अंतिम असते. चूक, फसवणूक, दुष्ट हेतू किंवा अक्षमता दाखवता आली तरच ती बदलते. ‘कडक तपासलं’ हे यात बसत नाही. सिलॅबसमध्ये गृहपाठाला २० टक्के लिहिलेत आणि बेरजेत १० धरलेत, हे बसतं. म्हणून पहिल्या आठवड्यातल्या सिलॅबसची प्रत उतरवून ठेवा, कारण सत्र संपल्यावर कॅनव्हासचा कोर्स बंद होतो.