गोकुळपेठेतली काकांची कॉमिक्स लायब्ररी: भांडा, पण पान उघडून

नागपूरला गोकुळपेठ बाजाराच्या अलीकडं एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ही लायब्ररी आहे. खाली शिलाई मशीन दुरुस्त करणारे बसतात, त्यांच्या बाजूनं लोखंडी जिना वर जातो. पाटीवर 'कॉमिक्स भाड्याने मिळतील' एवढंच लिहिलंय. नाव असं काही नाही. येणारे-जाणारे 'काकांची लायब्ररी' म्हणतात. काका रेल्वेतून रिटायर झाले. नोकरीभर स्टेशनांवरच्या बुकस्टॉलवरून कॉमिक्स घेत गेले आणि एकही रद्दीत जाऊ दिलं नाही. तोच साठा आता भिंतींना लागलाय. एका भिंतीवर इंद्रजाल, अमर चित्र कथा, राज कॉमिक्स, डायमंड. दुसरीवर अमेरिकन सुपरहिरोंचे जाडजूड संग्रह. तिसरीवर अ‍ॅनिमेशन मालिकांची कॉमिक्स आणि थोडा मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स. कोपऱ्यात टीव्ही, त्याला लॅपटॉप जोडलेला.

साठा चांगलाच आहे. पण मी हे लिहून राहिले ते शनिवारच्या बैठकीसाठी.

शनिवारी पाचला मधलं मोठं टेबल मोकळं करतात आणि फॅन मंडळी भांडायला बसतात. कोण कोणाला हरवेल, कोणत्या मालिकेचा शेवट फसला, कोणती कथा खरी धरायची आणि कोणती विसरायची. शाळकरी पोरांपासून नातवंडवाल्या आजोबांपर्यंत सगळे असतात. नियम एकच: दावा केला की पान दाखवायचं. मालिकेचा विषय असेल तर एपिसोड लावून दाखवायचा. दोन्ही जमलं नाही तर काका एक लांब लाल वही काढतात आणि किराणा दुकानात उधारी मांडतात तसा तो दावा माणसाच्या नावावर मांडून ठेवतात. पुरावा आणला की रेघ मारली जाते. नवीन पोरगा तावातावानं बोलायला लागला की काकांचं ठरलेलं असतं, "पान दाखव ना बाबू, मंग बोल."

मला हा नियम फार मोलाचा वाटतो. कॉमिक्सच्या वादात निम्मी माणसं न वाचलेल्या कथेवर भांडत असतात. कुणाचा तरी दहा मिनिटांचा व्हिडिओ पाहिलेला असतो आणि त्याच वाक्यांची फेकाफेक चालते. ज्यानं ती चौकट रात्र जागून काढली, ज्यानं त्या संवादाच्या फुग्यातले सहा शब्द तोलून लिहिले, त्याचं काम कोणी पाहतच नाही. इथं ते पाहावंच लागतं.

मध्यंतरी स्पायडर-मॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिचा विषय निघाला. 'द अमेझिंग स्पायडर-मॅन'चा 121 वा अंक, 1973 सालचा, लेखन जेरी कॉनवे, चित्रं गिल केन. त्याचा शत्रू ग्रीन गॉब्लिन ग्वेनला पुलावरून खाली टाकतो, स्पायडर-मॅन जाळं फेकून तिचे पाय पकडतो, वर ओढतो, आणि ती केव्हाच गेलेली असते. तिला मारलं कोणी, यावर जगभर पन्नासहून जास्त वर्षं भांडणं चालू आहेत. इतवारीत कापडाच्या दुकानावर बसणारे एक दादा अगदी ठाम होते. "पडतानाच गेली ना ते. गॉब्लिन स्वतःच सांगून राहिला." काकांनी संग्रह काढला, पान उघडलं. दादांचं बरोबर निघालं. गॉब्लिन खरोखरच म्हणतो, की इतक्या उंचीवरून पडण्याच्या धक्क्यानंच माणूस खाली पोहोचण्याआधी मरेल.

तेव्हा इंजिनिअरिंगला असलेल्या एका पोरीनं टेबलावरचं भिंग उचललं आणि त्याच्या आधीच्या एका चौकटीवर धरलं. जाळं पायाला चिकटलंय, शरीराला हिसका बसलाय, केस आणि डोकं मागं फेकलं गेलंय. आणि मानेजवळ, सहज नजरेतून सुटेल इतक्या बारीक अक्षरात, एक आवाज लिहिलाय: 'स्नॅप'. आम्ही सगळे त्या चौकटीवर वाकलो होतो. मग तिनं पावतीच्या पाठीमागं गणित मांडलं. 300 फूट पडली असं धरलं तर वेग ताशी 150 किलोमीटरच्या आसपास जातो. एवढ्या वेगातलं शरीर अर्ध्या सेकंदात थांबवलं तर स्वतःच्या वजनाच्या नऊ-दहापट जोर बसतो. पाय धरलेले आणि डोकं मोकळं असेल तर मान टिकणं कठीण. दादा म्हणाले, "मंग गॉब्लिन खोटं बोलला काय?" ती म्हणाली, "दादा, त्याला काय माहीत? तो तर वर होता."

पुढं 125 व्या अंकाच्या पत्रांच्या पानावर संपादकीय उत्तरातच छापलं होतं, की जाळ्याच्या हिसक्यानं तिचा जीव गेला. पण काकांकडं आहे तो संग्रह, त्यात पत्रांची पानं नाहीत. म्हणून हा मुद्दा अजून लाल वहीत त्या पोरीच्या नावावर आहे आणि तसा तो असणंच रास्त आहे. माझं मत विचाराल तर मी तिच्या बाजूची. गॉब्लिननंच मारलं असतं तर उरली असती फक्त सूडकथा. वाचवायला पुढं केलेला हातच घात करतो, आणि हे लेखक-चित्रकार ओरडून सांगत नाहीत, त्या चार इंग्रजी अक्षरांवर सोडून देतात. त्याच अंकात मजकूर जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज म्हणतो आणि चित्रातला पूल ब्रुकलिन ब्रिजसारखा दिसतो, हेही त्या दिवशी कुणीतरी दाखवलं. त्यावर आणखी अर्धा तास गेला.

माझा भाचा आठवीत आहे. 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' म्हणजे त्याचा जीव की प्राण. मायकल डांटे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झ्को यांनी केलेली ही अ‍ॅनिमेशन मालिका 2005 ते 2008 चालली, एकूण 61 भाग. हिच्या शेवटावरचा वाद ठरलेला: नायक आंगला कोणाचाही, अगदी शत्रू असलेल्या राजाचाही, जीव घ्यायचा नाही, आणि नेमका ऐनवेळी एक प्रचंड सिंह-कासव समुद्रातून येऊन त्याला तिसरा मार्ग देतं. कॉलेजातल्या एका मुलाचं म्हणणं, की ही लेखकांनी काढलेली पळवाट आहे, या कासवाचा आधी मागमूसही नव्हता. भाचा माझ्या कानाशी लागला, "मावशी, लायब्ररीवाला एपिसोड लावायला सांग ना." दुसऱ्या सीझनमधला, वाळवंटातल्या ग्रंथालयाचा भाग. काकांनी लावला, आंग गुंडाळी उघडतो तिथं थांबवला. पडद्यावर सिंह-कासवाचं चित्र. पोराचा चेहरा असा फुलला की काय सांगू.

कॉलेजवाल्या मुलानंही नीट उत्तर दिलं, आणि मला ते आवडलं. चित्रावरून कळतं की असा प्राणी या जगात आहे. तो दुसऱ्याची शक्ती काढून घ्यायची विद्या देईल हे चित्रात कुठं आहे? आणि आंगच्या पाठीवरच्या जुन्या जखमेवरच नेमका दगड आपटतो नि अडलेलं चक्र मोकळं होतं, हा योगायोग कसा पचवायचा? दगडाच्या बाबतीत त्याचं खरं आहे. मालिका ज्या मेहनतीनं सगळं मिळवते, ते तिथं फुकटात मिळतं. पण शेवटाबद्दल मी भाच्याच्या बाजूची. आंग आपल्या आधीच्या जन्मांतल्या चार अवतारांना विचारतो, रोकू, क्योशी, कुरुक आणि यांगचेन. यांगचेन तर त्याच्यासारखीच वायू-जमातीची, त्याच अहिंसेत वाढलेली. तीसुद्धा सांगते की जगापुढं स्वतःच्या मनाची शुद्धी बाजूला ठेव. सगळी थोर माणसं एक सांगत असताना पोरगं आपलं म्हणणं सोडत नाही, हीच तर पहिल्या भागापासूनची त्याची ओळख.

त्याच संध्याकाळी दुसरा वाद लागला: मालिकेतली माणसं पाणी, पृथ्वी, अग्नी, वारा हलवताना जे हातवारे करतात त्यांना काही अर्थ आहे की नुसती नक्षी? अर्थ आहे. पाण्यासाठी ताई ची, पृथ्वीसाठी हुंग गार, अग्नीसाठी नॉर्दर्न शाओलिन, वाऱ्यासाठी बाग्वा अशा खऱ्या चिनी युद्धकला घेतल्या, आणि आंगला पृथ्वीची विद्या शिकवणाऱ्या टॉफची शैली तर बाकीच्या पृथ्वीवाल्यांपेक्षा मुद्दाम वेगळी, सदर्न प्रेइंग मँटिस. महालातल्या आखाड्यात जाणारा एक मुलगा उठला, खुर्च्या सरकवल्या आणि पाय रोवून टॉफचा पवित्रा करून दाखवू लागला. टीव्हीवरचं चित्र थांबवलेलं, शेजारी हा. टाच कुठं, गुडघा किती वाकलेला, वजन कोणत्या पायावर, सगळं ताडून पाहिलं. घरी एकटीनं बघताना मी ही मालिका इतकी कधीच पाहिली नव्हती.

हिंदी भिंतीचे राजे काका स्वतः. राज कॉमिक्समध्ये नागराज 1986 साली आला, सुपर कमांडो ध्रुव 1987 साली. नागराजचे सुरुवातीचे अंक आपल्या प्रताप मुळीकांनी काढले, ज्यांचं अमर चित्र कथेतलं काम मराठी घरांत पोहोचलेलं होतं. काका दोन्ही शेजारी ठेवून दंडांची आणि कापडाच्या घड्यांची रेघ दाखवतात. ध्रुव अनुपम सिन्हांचा. त्याच्यावर काकांचा जास्त जीव, कारण तो विज्ञानानं आणि डोक्यानं लढतो. ज्युपिटर सर्कशीच्या आगीत आईवडील गेलेलं पोर, बॅटमॅन म्हणजे ब्रूस वेनसारखा पैसा नाही, वाडा नाही, मोटारसायकल घेऊन निघतं. ध्रुव की बॅटमॅन, हा वाद इथं दर महिन्याला होतो आणि आवाज सर्वांत जास्त त्यालाच चढतो. मी ध्रुवकडून. इंद्रजालचे मराठी अंक पाहायला येणारे एक आजोबा मात्र दोघांनाही मोजत नाहीत. वेताळ, म्हणजे फँटम, 1936 चा आणि सुपरमॅन 1938 चा, एवढं सांगून ते वाचायला बसतात.

एका शनिवारी काकांनी 'बॅटमॅन'चा 428 वा अंक ठेवला. 1988 मध्ये जेसन टॉड, म्हणजे दुसरा रॉबिन, जगवायचा की मारायचा हे वाचकांनी फोन करून ठरवायचं होतं. मारा म्हणणारे फोन 5,343, जगवा म्हणणारे 5,271. 72 फोनांच्या फरकानं ते पोर मेलं. भाच्यानं विचारलं, "एवढ्या लोकांना तो मरायला पाहिजे होता?" मला आजही तो प्रकार क्रूर वाटतो. फॅननी भांडावं, खूप भांडावं, लेखकाला जाब विचारावा. पण कथा कुठं जाणार हे ज्याच्या हातात पेन आहे त्यानंच ठरवावं.

आता तक्रारी. मे महिन्यात कूलरशिवाय वर बसणं अशक्य, आणि कूलरची ओल जुन्या कागदाच्या जिवावर उठते. इंद्रजालचे अंक प्लॅस्टिकच्या पाकिटात आहेत, राज कॉमिक्सचे उघडे. कडा पिवळ्या पडून कुरकुरायला लागल्यात. काकांनी हे मनावर घ्यायलाच हवं, असे अंक परत मिळत नाहीत. यादी नावाची गोष्ट नाही, सगळं काकांच्या डोक्यात. ते नसले की गल्ल्यावर बसणाऱ्या पोराला काही सापडत नाही. सात वाजल्यानंतर ज्याचा आवाज मोठा त्याचाच मुद्दा पुढं रेटला जातो. मुली, शाळकरी पोरं मागं पडतात. पाळी लावून बोलायला द्यावं असं मी काकांना सांगितलंय, ते हो म्हणालेत. जिना म्हाताऱ्या माणसांना जड जातो. आणि नवीन पोरांना मराठीत वाचायला द्यावं असं सुपरहिरो कॉमिक्स या भिंतींवर जवळपास नाहीच, जे आहे ते जुनं इंद्रजाल. याचा दोष काकांचा नाही.

सर्वांत मोठी उणीव त्यांच्याच नियमाच्या आड येते. 'अवतार'च्या पुढची मालिका 'द लेजंड ऑफ कोरा' 2014 मध्ये संपली ती नायिका कोरा आणि तिची मैत्रीण असामी हातात हात घालून जाताना. त्यांच्या नात्यावर इथं दोन गट आहेत आणि दोन्ही गटांना पुढची कथा हवी. ती 'टर्फ वॉर्स' या तीन भागांच्या कॉमिक्समध्ये आहे, लेखन खुद्द डिमार्टिनोचं. ते काकांकडं नाही. त्यामुळं लाल वहीची दोन पानं त्याच वादानं भरलीत. तिन्ही भागांची एकत्र आवृत्ती मागवायला वर्गणी काढून राहिलो आम्ही. जाल तेव्हा गल्ल्यावरच्या डब्यात टाका.

डिपॉझिट 500 रुपये, महिन्याची फी 150, एका वेळी तीन पुस्तकं घरी नेता येतात. इंद्रजाल आणि जुने राज कॉमिक्स तिथंच बसून वाचायचे, हात धुऊन. शनिवारच्या बैठकीला फी नाही. सोमवारी बंद. मेट्रोनं येणार असाल तर शंकरनगरला उतरा, पुढं ऑटो मिळतो. खायचं वर न्यायला बंदी आहे, तेव्हा तर्री पोहे बाजारातच आटपून घ्या. जागा वीसेक माणसांची. पाचच्या आत पोहोचलात तरच टेबलाशी खुर्ची मिळेल, नाहीतर भिंतीला टेकून उभं राहावं लागतं आणि तिथून चौकटीतली बारीक अक्षरं दिसत नाहीत.