टिळकवाडीतले व्हिटॅमिन सलाईन : तीन बाटल्यांचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात चिकुनगुनियाचा ताप चार दिवसांत उतरला, पण मनगटे आणि घोटे तीन महिने धरलेलेच राहिले आणि शहापूरच्या घराचा जिना चढताना मध्येच बसावे लागे. ‘सलाईन लावून घ्या, ताकद येईल’ हा सल्ला आपल्या बेळगाव-खानापूरकडे जुनाच आहे. नवे आहे ते त्याचे टिळकवाडीतले वातानुकूलित रूप, जिथे एका बाटलीला अडीच हजार रुपये पडतात आणि चार बाटल्यांचे पैसे आगाऊ भरावे लागतात.

सेवा स्वच्छ आहे. सिस्टरचा हात हलका. शीर पहिल्याच टोचण्यात सापडली. 500 मिलिलिटर सलाईनमध्ये 10 ग्रॅम व्हिटॅमिन सी, मॅग्नेशियम आणि बी-1, बी-2, बी-6 घालतात व उजेड लागू नये म्हणून बाटलीवर काळी पिशवी चढवतात. मॅग्नेशियम जाऊ लागले की छातीपासून कानांपर्यंत ऊब पसरते. नंतर लघवी गर्द पिवळी होते; अडीच हजारांतला काही भाग तिथेच जातो म्हणायचा.

तक्रार आहे ती आधीच्या चौकशीबद्दल. फक्त रक्तदाब पाहिला आणि कन्नड व इंग्रजीतल्या संमतीपत्रावर सही घेतली. व्हिटॅमिन सी इतक्या मात्रेत शिरेतून देण्यापूर्वी मूत्रपिंडाचे काम, मूतखड्याचा इतिहास आणि जी-6-पीडी तपासायला हवे, कारण या एन्झाइमची कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. मी मधुमेही आहे, हेही कोणी विचारले नाही. दुसऱ्या बाटलीनंतर अर्ध्या तासात घरच्या ग्लुकोमीटरने 310 दाखवले आणि घाबरगुंडी उडाली. रक्तातल्या जास्तीच्या व्हिटॅमिन सीमुळे काही यंत्रे साखर खोटीच वाढलेली दाखवतात, हे मला नेहमीच्या डॉक्टरांकडून कळले.

गुण म्हणाल, तर त्या संध्याकाळी हलके वाटे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. विषाणूजन्य तापानंतरच्या थकव्यावर अशा सलाईनचा उपयोग होतो, असा भक्कम पुरावा नाही, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध अनेक वर्षे घेणाऱ्यांत बी-12 कमी होऊ शकते म्हणून त्यांनी ते तपासले, आणि ते खरोखरच कमी निघाले. टिळकवाडीच्या यादीत नेमके तेच नव्हते. बी-12च्या स्वस्त इंजेक्शनांनी दीड महिन्यात जिना एका दमात चढू लागलो. मनगटे मात्र अजून सकाळी आखडतात. चौथ्या बाटलीचे पैसे परत मागितले, तेव्हा ती घरातल्या दुसऱ्या कोणाला लावून घ्या, असे सुचवण्यात आले.