विश्रामबागचं स्किन क्लिनिक: ५ पैकी ४, एक स्टार जिन्याचा कापला

नाव टाकत नाही, आधीच तिथं टेकायला जागा नसते, अजून गर्दी झाली तर मलाच नंबर मिळायचा नाही. सांगलीत विश्रामबागला, दुसरा मजला, लिफ्ट नाही. गुडघेदुखीवाल्यांनी विचार करून जा.

माझी किडनी बदलून ११ वर्षं झाली, आईनं दिली. घरात सगळे क्रिएटिनिनच्या आकड्यावर जगतो, म्हणजे किडनी किती चालते ते सांगणारी रक्ताची तपासणी, रिपोर्ट आला की आईचा फोन ठरलेला, किती आलं रे? १.२ म्हटलं की ती जेवायला बसते. बाकी अंगाकडं कोण बघतंय, मी पण नाही. त्यात तासगाव साईडला द्राक्षबाग, म्हणजे छाटणीपासून माल निघेपर्यंत उन्हातच.

डाव्या पंजाच्या मागं खरखरीत चट्टा आला, खपली पडायची, परत धरायची, सात-आठ महिने हेच. आधी दुसरीकडं दाखवलेलं, तिथं खुर्चीतनंच बघून चामखीळ म्हणून जाळली, ती पण दोनदा, आणि गोळ्या कुठल्या चालू आहेत हे एका शब्दानं विचारलं नाही.

इथं म्याडमनी पहिलं तेच विचारलं. किडनी टिकवायच्या गोळ्या, टॅक्रोलिमस, ॲझाथायोप्रिन, प्रेडनिसोलोन, एवढं म्हणेपर्यंत त्यांनी पेन खाली ठेवलं, म्हणाल्या शर्ट काढा. मग टाळूपासून पायाच्या बोटांच्या बेचक्यापर्यंत सगळं भिंगानं बघितलं, कानाच्या मागं, ओठ, मान. मावा खाता का विचारलं, शेजारी बायको, खोटं कसं बोलणार, मग तोंडात पण बॅटरी मारली.

समजावलं पण आमच्याच भाषेत. बागेला राखणदार आहे, तो आलेल्या पाहुण्याला पण चोर समजून काठी घेऊन धावतो, म्हणून तुम्ही त्याला रोज गोळी देऊन गुंगीत ठेवता. राखणदार म्हणजे प्रतिकारशक्ती, पाहुणा म्हणजे आईची किडनी. पण मग खरा चोर कुंपणातनं शिरला तरी राखणदार पडूनच. अंगातल्या पेशी बिघडत असतातच, उन्हानं कातडीच्या जास्तच, एरवी प्रतिकारशक्ती त्यातल्या बऱ्याच निस्तरते. शिवाय एचपीव्ही, ईबीव्ही असले व्हायरस मोकाट सुटतात, ईबीव्हीनं तर लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर पण होऊ शकतो. कॅन्सरचा एकूण धोका साधारण दोन ते चार पट म्हणाल्या. कातडीचा गोऱ्या लोकांत फार, आपल्या रंगाला कमी, पण कमी म्हणजे नाही असं नव्हे, आणि ॲझाथायोप्रिननं कातडीला ऊन जास्तच बाधतं. हे ११ वर्षांत मला कुणीतरी सांगितलं असेल पण, पण मी ऐकलं नसेल, खरं सांगायचं तर.

तुकडा काढून तपासला, बोवेन निघाला, म्हणजे कॅन्सरच पण वरच्या थरातच. कापून काढला, ४ टाके. माझ्यासमोरच मिरजेच्या किडनीच्या डॉक्टरांना फोन लावला, मग त्या किडनीच्या डॉक्टरांनी ॲझाथायोप्रिन बदलली. मी म्हटलं सगळ्याच गोळ्या थोड्या कमी करू का, तर जवळजवळ ओरडल्याच, किडनी घालवायची आहे का म्हणून. किडनी बदललेल्या बायकांनी त्या एचपीव्हीमुळं गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी पण वेळच्या वेळी करायची, हे बायकोला सांगत होत्या, ओळखीत कोण असेल तर सांगा म्हणून.

आता तक्रारी. वेटिंगला खोकणारी पोरं अगदी चिकटून, आणि आमच्यासारख्याला ते परवडत नाही. कंपाउंडरला ट्रान्सप्लांट पेशंट म्हणून सांगितलं तर बाहेर गॅलरीत खुर्ची देतो, पण आपण सांगायला लागतं. सनस्क्रीन ५० एसपीएफची दिली ती महाग, मी शेतात हात-तोंड-मान सगळीकडं थापतो तर ट्यूब महिनाभर पण पुरत नाही. स्वस्तातलं काय सांगा म्हटलं तर म्हणाल्या फुल बाह्यांचा जाड शर्ट आणि कान झाकणारी टोपी, आणि ११ ते ४ सावलीत. द्राक्षवाल्याला ११ ते ४ सावलीत! औषध मारायचं तेवढं आता सकाळी लवकर उरकतो, बाकी टोपी घालून. गडी हसतात, हसू देत.

दर ६ महिन्यांनी बोलावलंय. फोन करून नंबर लावा आणि गुरुवारी जाऊ नका, बंद असतं, मी तासगावहून येऊन कुलूप बघून परत गेलोय, ते पण दोन मजले चढून.