न्यूयॉर्कचा चाइल्ड हेल्थ प्लस, दोन मुलांसाठी: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

मुलांचा विमा कंपनीच्या फॅमिली प्लॅनमध्ये ठेवायचा की राज्य सरकारच्या योजनेत, हा प्रश्न अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये दर शरद ऋतूत निघतो. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्यांसाठी माझं उत्तर स्पष्ट आहे: पात्र असाल तर चाइल्ड हेल्थ प्लस, म्हणजे राज्याची मुलांसाठीची विमा योजना, घ्या. दहा महिन्यांत विम्याने कुठेही कमी पडू दिलं नाही. डोकं लागतं ते उत्पन्नाच्या हिशेबाला आणि तारखांना, म्हणून हा लेख बराचसा त्यावरच आहे.

आधी प्रीमियम. तो फेडरल पॉव्हर्टी लेव्हलच्या, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या, टक्केवारीवर ठरतो. ही पातळी २०२५ साली चौघांच्या कुटुंबासाठी वर्षाला ३२,१५० डॉलर होती, आणि दरवर्षी ती थोडी वाढते. २२२ टक्क्यांपर्यंत, म्हणजे २०२५ च्या हिशेबाने साधारण ७१,००० डॉलरपर्यंत, काहीही भरावं लागत नाही. २५० टक्क्यांपर्यंत (८०,३७५ डॉलर) दर मुलामागे महिना १५ डॉलर, ३०० टक्क्यांपर्यंत (९६,४५०) ३० डॉलर, ३५० टक्क्यांपर्यंत (१,१२,५२५) ४५ आणि ४०० टक्क्यांपर्यंत (१,२८,६००) ६० डॉलर. तीन मुलांपुढे पैसे वाढत नाहीत. चार मुलं असली तरी वरच्या पायरीवर महिना १८० डॉलरच. ४०० टक्क्यांच्या वर गेलात तरी दार बंद होत नाही, पण मग सरकारी मदत नसते आणि प्लॅनचा पूर्ण दर भरावा लागतो.

आणि एवढं भरल्यावर पुढे खिशात हात घालावा लागत नाही. डॉक्टरकडे को-पे (दर भेटीला आपण भरायची रक्कम) नाही, डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम) नाही, इमर्जन्सी रूमला नाही, औषधालाही नाही. कंपनीच्या प्लॅनशी तुलना करताना लोक फक्त प्रीमियम शेजारी शेजारी मांडतात. दम्याचा इनहेलर लागणारं मूल घरात असेल तर खरा फरक या को-पेमध्ये असतो.

आता उत्पन्न. इथे पगाराचा ढोबळ आकडा चालत नाही. टॅक्सच्या नियमांनी काढलेलं उत्पन्न धरतात, ज्याला मॅगी म्हणतात. कंपनीच्या आरोग्य विम्यासाठी पगारातून टॅक्सआधी कापले जाणारे पैसे, पारंपरिक ४०१(के) (निवृत्तीसाठीची बचत) आणि एचएसए (आरोग्य खर्चासाठीचं बचत खातं) यातून वजा होतात. रॉथ ४०१(के), ज्यात टॅक्स भरून झालेले पैसे जातात, वजा होत नाही. समजा २०२५ मध्ये चौघांच्या घराचा पगार ९०,००० आहे, ४०१(के) मध्ये ७,००० आणि विम्याला ३,६०० जातात. उरले ७९,४००. ही १५ डॉलरची पायरी झाली. दोन मुलांचे महिना ३० डॉलर. अर्जात सरळ ९०,००० लिहिले तर तेच ६० होतात.

पण हिशेब इथे संपत नाही, आणि आपल्या लोकांची चूक नेमकी पुढेच होते. एनआरई खात्यातल्या (परदेशातली कमाई भारतात ठेवण्याचं खातं) ठेवींचं व्याज भारतात करमुक्त आहे, म्हणून ते कुठेच दाखवायचं नसतं असा समज पक्का बसलेला असतो. अमेरिकेच्या टॅक्ससाठी तुम्ही रेसिडेंट असाल तर ते व्याज इथे करपात्र आहे आणि म्हणून मॅगीतही येतं. एनआरओचं (भारतातल्या कमाईच्या खात्याचं) व्याज आणि गावाकडच्या फ्लॅटचं भाडंही तसंच. वरच्या उदाहरणात १,५०० डॉलरचं व्याज मिळवलं तर ८०,९०० होतात आणि पायरी बदलते. फरक महिना तीस डॉलरचा आहे, तेवढ्यासाठी अर्जात चुकीची माहिती देऊ नये. उलट आई-वडिलांनी भेट म्हणून पाठवलेले पैसे उत्पन्नात धरत नाहीत. आपण त्यांना दरमहा पाठवतो ते वजाही होत नाहीत.

अर्जात चालू महिन्याचं उत्पन्न पाहतात. दर दोन आठवड्यांनी पगार होत असेल तर तो दुप्पट करून महिन्याचा आकडा लिहू नका. वर्षात पगार २६ होतात, त्यामुळे ३,००० च्या पगाराला महिना ६,५०० धरला जातो. तुमचा आकडा पे-स्टबशी (पगाराच्या पावतीशी) जुळला नाही की कागद मागवणारं पत्र येतं. बोनस ज्या महिन्यात झाला त्याच महिन्यात अर्ज केला तर चित्र उगाच फुगतं. शक्य असेल तर तो महिना जाऊ द्या.

घरात किती माणसं हेही टॅक्स रिटर्नवरून ठरतं. सहा महिन्यांसाठी व्हिजिटर व्हिसावर आलेले आजी-आजोबा घरात राहत असले तरी कुटुंबाच्या संख्येत येत नाहीत. त्यांना मोजून सहा माणसं लिहिली तर मर्यादा वाढल्यासारखी दिसते, आणि नंतर ती दुरुस्त करावी लागते.

पात्रतेच्या बाकी अटी थोड्या आहेत. मूल १९ वर्षांखालचं हवं, न्यूयॉर्कचं रहिवासी हवं, मेडिकेडला (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य विम्याला) पात्र नसावं आणि दुसऱ्या विम्यात नसावं. कंपनीचा विमा उपलब्ध असणं आड येत नाही, मूल त्यात नोंदवलेलं असणं आड येतं. मेडिकेड दुसऱ्या विम्याच्या जोडीला चालतो, चाइल्ड हेल्थ प्लस चालत नाही. राज्याच्या कर्मचारी आरोग्य विम्याचा लाभ मिळणाऱ्या सार्वजनिक नोकरीतल्या पालकांसाठी मात्र वेगळा नियम आहे. त्यांची मुलं सहसा यात बसत नाहीत. मेडिकेडची मर्यादा वयानुसार बदलते: एक वर्षाखालच्या बाळाला २२३ टक्के, त्यापुढे १५४ टक्के. त्यामुळे बाळ मेडिकेडमध्ये असेल तर पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास येणारं पत्र न वाचता बाजूला टाकू नका. योजना बदलण्याची ती वेळ असते.

व्हिसाची काळजी सगळ्यात जास्त विचारली जाते. न्यूयॉर्कमध्ये या योजनेसाठी इमिग्रेशनचा दर्जा आड येत नाही, एच-४ वरची (एच-१बी पालकांच्या कुटुंबाचा व्हिसा) मुलं बसतात. त्यांना सोशल सिक्युरिटी नंबर नसतो, तो रकाना रिकामा ठेवायचा. तिथे आयटिन भरू नका, तो टॅक्स भरण्यासाठीचा वेगळा क्रमांक आहे. सरकारी मदतीवर अवलंबून राहील अशा माणसाला ग्रीन कार्ड नाकारणाऱ्या पब्लिक चार्जच्या २०१९ च्या कडक नियमातही मुलांची ही योजना धरलेली नव्हती, २०२२ च्या नियमातही नाही. हे नियम सरकारबरोबर बदलतात, म्हणून ग्रीन कार्डचा अर्ज तोंडावर असेल तर त्या दिवशीचा नियम वकिलाकडून विचारून घ्या.

आता पंधरा तारीख. अर्ज वर्षभर कधीही करता येतो, पण १५ तारखेपर्यंत प्लॅन निवडला तर विमा पुढच्या महिन्याच्या एक तारखेला सुरू होतो. सोळाला निवडला तर त्याच्या पुढच्या महिन्यात. एका दिवसाने एक अख्खा महिना जातो, आणि मेडिकेडसारखं मागच्या तारखेपासूनचं संरक्षण इथे मिळत नाही. म्हणून कंपनीच्या प्लॅनमधून मूल काढण्याची तारीख आधी ठरवू नका. इथली सुरुवातीची तारीख लेखी हातात आली की मग एचआरला कळवा. दोन्हीत एक दिवसाचंही अंतर नको आणि दोन्ही एकदम चालूही नकोत.

अर्ज न्यूयॉर्क स्टेट ऑफ हेल्थवर, म्हणजे राज्याच्या विमा बाजाराच्या वेबसाइटवर, होतो, पण प्रीमियम तिथे भरायचा नसतो. तो तुम्ही निवडलेल्या प्लॅनला जातो. बिल प्लॅनकडून येतं, पत्रं राज्याकडून. ऑटो-पे पहिल्याच आठवड्यात लावून टाका. २०२४ पासून १९ खालच्या मुलांना सलग बारा महिने पात्रतेची हमी आहे, त्यामुळे मध्ये पगार वाढला म्हणून मुलाचा विमा जात नाही. पगार कमी झाला तर मात्र लगेच कळवा, प्रीमियम खाली येतो.

डॉक्टर निवडताना फक्त कंपनीचं नाव सांगून विचारू नका. तीच कंपनी नोकरदारांचे प्लॅनही विकते, आणि फोनवर मिळालेलं "हो, आम्ही घेतो" हे उत्तर बऱ्याचदा त्या प्लॅनबद्दल असतं. "चाइल्ड हेल्थ प्लस घेता का आणि नवीन पेशंट घेता का" असे दोन्ही प्रश्न विचारा. दाताच्या डॉक्टरची यादी बहुधा वेगळी असते, तीही बघा. नेटवर्कबाहेर, म्हणजे प्लॅनच्या यादीत नसलेल्या डॉक्टरकडे, इमर्जन्सी सोडून काही मिळत नाही. लहान गावांत स्पेशालिस्ट शोधायला वेळ लागतो, आणि या योजनेबद्दल माझी खरी तक्रार हीच आहे.

दातांची तपासणी सहा महिन्यांनी, डोळ्यांची वर्षातून एकदा, चष्माही वर्षाला एक. ताप-सर्दीची साधी औषधंसुद्धा डॉक्टरने लिहून दिली आणि प्लॅनच्या यादीत असली तर मिळतात. दात सरळ करायच्या तारा मात्र फाटलेल्या टाळूसारख्या गंभीर कारणासाठीच. दिसण्यासाठी ब्रेसेस हव्या असतील तर त्याचे पैसे वेगळे काढून ठेवा. भारतवारीत हा विमा चालत नाही, त्या काळासाठी प्रवासी विमा घ्यावा लागतो.

राज्य बदललं की सगळं नव्याने. न्यूजर्सीने मुलांचा प्रीमियम जुलै २०२१ पासून बंदच केला आहे आणि मर्यादा ३५५ टक्के आहे, म्हणजे हडसन नदी ओलांडल्यावर हिशेब आणखी सोपा. पेनसिल्व्हेनियात २०८ टक्क्यांपर्यंत मोफत, ३१४ पर्यंत कमी दर, त्यावर पूर्ण दर. टेक्सासमध्ये दरमहा काही नाही, कुटुंबाला वर्षाला जास्तीत जास्त ५० डॉलर, पण २०१ टक्क्यांवर दार बंद होतं, आणि आयटीतल्या बहुतेक घरांचं ते तिथेच होतं.

रिन्यूअलचं पत्र मुदतीच्या आधी येतं. घर बदललं असेल तर पत्ता प्लॅनला आणि राज्याला, दोघांनाही कळवा. एकाला सांगितलं म्हणून दुसऱ्याकडे तो आपोआप बदलेल यावर विसंबू नका. आणि पात्रता संपून विमा गेलाच, तर कंपनीच्या प्लॅनमध्ये मुलाला घालायला ओपन एनरोलमेंटची (वर्षातून एकदा येणाऱ्या नोंदणीच्या काळाची) वाट पाहू नका. २००९ च्या फेडरल कायद्याने त्यासाठी ६० दिवस दिले आहेत. नेहमीच्या इतर कारणांना ही मुदत ३० दिवसांची असते, आणि एचआरमधली माणसं सवयीने तीच सांगतात. विमा संपल्याचं राज्याचं पत्र जोडून ६० दिवसांच्या आत लेखी अर्ज द्या.